उपनगरातले विद्यापीठ दुय्यम असते का?

प्रश्न : माझ्या मुलीला अमेरिकेतील स्टोनी ब्रुक विद्यापीठात एम.एस.साठी प्रवेश मिळाला आहे. न्यूयॉर्क शहराबाहेरचे सरकारी विद्यापीठ म्हणून नातेवाईक नाके मुरडतात. ते दुय्यम आहे का? आणि सरकारी असल्याने शुल्क तरी कमी असेल ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी पैशांचे पाहू. हे विद्यापीठ न्यूयॉर्क राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठसमूहातील ६४ संस्थांपैकी एक असले, तरी शुल्काची सवलत त्या राज्याच्या रहिवाशांना मिळते. परदेशी विद्यार्थ्यांना बराच चढा दर पडतो. त्यामुळे ‘सरकारी म्हणजे स्वस्त’ हा आपल्याकडचा हिशेब तेथे चालत नाही.

दर्जाची शंका मात्र मनातून काढून टाकावी. १९५७ साली लाँग आयलंडवरील ऑयस्टर बे येथे विज्ञान-गणिताचे शिक्षक घडवण्यासाठी निघालेली ही संस्था १९६२ मध्ये, वॉर्ड मेलव्हिल या उद्योजकाने दिलेल्या जागेवर, स्टोनी ब्रुकला आली. ज्या वर्षी ती सुरू झाली त्याच वर्षी नोबेल मिळवणारे चेन निंग यांग पुढे साठच्या दशकात तेथे आले आणि त्यांनी सैद्धांतिक भौतिकशास्त्राची संस्था उभी केली. आज आपल्याकडे जिल्ह्याच्या गावीही डॉक्टर ज्या एमआरआयची चिठ्ठी लिहून देतात, त्या तंत्राचा पाया पॉल लाउटरबर यांनी याच विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक असताना घातला. त्यांचा निबंध १९७३ चा, नोबेल मात्र २००३ चे. गणित विभागाचे एकेकाळचे प्रमुख जेम्स सायमन्स पुढे गुंतवणूक व्यवसायात अब्जाधीश झाले आणि २०२३ मध्ये त्यांच्या प्रतिष्ठानाने विद्यापीठाला ५० कोटी डॉलर जाहीर केले. जवळच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या व्यवस्थापनातही १९९८ पासून विद्यापीठ भागीदार आहे. नातेवाइकांना एवढे पुरावे.

खरी अडचण अंतराची आहे. उपनगर म्हटल्यावर अंधेरी-बोरिवली डोळ्यांपुढे आणू नये. मॅनहॅटन तेथून सुमारे ९० किलोमीटरवर, म्हणजे मुंबईपासून जवळपास कर्जतइतके लांब आहे. विद्यापीठाला लागूनच रेल्वे स्थानक आहे, परंतु हंटिंग्टनच्या पुढे विजेची गाडी जात नसल्याने पुष्कळदा वाटेत गाडी बदलावी लागते आणि एका बाजूच्या प्रवासाला दोन तास धरावे लागतात. शहरात राहून रोज ये-जा करण्याचा विचार म्हणूनच सोडून द्यावा. परिसराबाहेर खोली घेतल्यास मोटारीवाचून अडते, तेव्हा मुलीला वसतिगृहासाठी मुदतीच्या आतच अर्ज करायला सांगावे.