प्रबंधात चौथ्या प्रकरणाखाली ३.७ का येतं, आणि ते कायमचं कसं सुधारायचं

तुमची अडचण मला अशी कळली. मराठीतला प्रबंध वर्डमध्ये आहे, सहा प्रकरणं वेगवेगळ्या फायलींतून एकत्र आणली आहेत. तिसऱ्या प्रकरणाचा शेवटचा मुद्दा ३.६ आहे आणि चौथ्या प्रकरणाच्या पहिल्याच मुद्द्याला ४.१ ऐवजी ३.७ लागतं. उजवं क्लिक करून ते ४.१ केलं की पाचव्या प्रकरणातले क्रमांक बिघडतात. शिवाय काही ठिकाणी मराठी आकडे, काही ठिकाणी इंग्रजी. सादर करायला दोन आठवडे उरलेत.

दोन आठवडे पुरेसे आहेत, घाबरू नका. मी पुण्यात प्रबंध आणि पुस्तकांच्या मांडणीची कामं करतो. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक प्रबंधात येतो आणि एका दुपारी सुटतो. फक्त आकड्याला हात लावायचा नाही, एवढं आधी ठरवा. वर्डमध्ये आकडा हा मजकुराचा भाग नसतोच. तो मथळ्याच्या स्टाइलवरून, म्हणजे मथळ्याला दिलेल्या मांडणीच्या साच्यावरून, मोजला जातो. तुम्ही आकडा पाहून आकडाच दुरुस्त करताय, म्हणून एकीकडे शिवलं की दुसरीकडे उसवतंय.

आता ३.७ कुठून आलं ते पाहू. 'व्ह्यू' टॅबमध्ये 'नॅव्हिगेशन पेन' वर टिचकी मारा. डावीकडे सगळे मथळे ओळीनं दिसतील. माझी जवळपास खात्री आहे की चौथ्या प्रकरणाचं नाव त्या यादीत नसेल. पानावर ते मोठं, ठळक, मधोमध असेल, पण ते नुसतं मोठं केलेलं असेल. त्याला 'हेडिंग १' ही स्टाइल दिलेली नसेल. वर्डच्या लेखी चौथं प्रकरण सुरूच झालेलं नाही, म्हणून ३.६ नंतर ३.७. त्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल, ऑल्ट आणि १ एकत्र दाबा. त्याखालचे मुद्दे 'हेडिंग २' मध्ये असतील तर तिथल्या तिथे ४.१, ४.२ होतील. उपमुद्द्यांसाठी कंट्रोल-ऑल्ट-२ आणि कंट्रोल-ऑल्ट-३.

उलटही होतं. मराठी प्रबंधात एका ओळीत 'प्रकरण चौथे' आणि खालच्या ओळीत प्रकरणाचं नाव लिहायची पद्धत आहे. मध्ये एंटर दाबला आणि दोन्ही ओळींना 'हेडिंग १' दिलं, तर वर्ड ती दोन प्रकरणं मोजतं आणि चौथ्याच्या खाली ५.१ येतं. अशा वेळी मध्ये एंटरऐवजी शिफ्ट-एंटर द्या, म्हणजे ओळ तुटते पण परिच्छेद एकच राहतो. 'हेडिंग १' दिलेली रिकामी ओळसुद्धा मोजली जाते, तीही शोधून काढा.

एवढ्यानं तुमचं निम्मं काम होईल. उरलेलं निम्मं म्हणजे फायली जोडताना प्रत्येकीबरोबर आलेल्या क्रमांकांच्या वेगवेगळ्या याद्या. प्रबंधात मथळ्यांची यादी एकच असायला हवी आणि ती स्टाइलला बांधलेली हवी. आधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावानं ठेवा. मग पहिल्या प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून 'होम' टॅबवरचं 'मल्टिलेव्हल लिस्ट' चं बटण उघडा आणि सगळ्यात खालचं 'डिफाइन न्यू लिस्ट स्टाइल' निवडा. त्याच्या वरचं 'डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट' घेऊ नका. त्यात दर वेळी बदल करायला गेलं की नवी यादी जन्माला येण्याचा धोका असतो. लिस्ट स्टाइलला नाव असतं आणि नंतर तीच उघडून बदलता येते. नाव काहीही द्या, मी 'प्रबंध' देतो. मग 'फॉरमॅट', त्यात 'नंबरिंग', आणि उघडलेल्या खिडकीत 'मोअर' दाबा, नाहीतर उजवीकडचा महत्त्वाचा भाग दिसतच नाही.

इथे सावकाश जा. डावीकडे १ ते ९ पातळ्या आहेत. १ निवडा, उजवीकडे 'लिंक लेव्हल टू स्टाइल' मध्ये 'हेडिंग १' द्या. २ ला 'हेडिंग २', ३ ला 'हेडिंग ३'. प्रबंधाला बहुधा तीनच पुरतात. चौथी पातळी लागत असेल तर एकदा मार्गदर्शकांशी बोला, ४.२.३.१ असा क्रमांक वाचणाऱ्याला झेपत नाही.

आता आकड्याची चौकट, म्हणजे 'एंटर फॉरमॅटिंग फॉर नंबर'. दुसऱ्या पातळीसाठी ती आधी पूर्ण रिकामी करा. 'इन्क्लूड लेव्हल नंबर फ्रॉम' मधून 'लेव्हल १' निवडा, चौकटीत एक आकडा उमटेल. त्यापुढे टिंब टाइप करा. मग 'नंबर स्टाइल फॉर धिस लेव्हल' मधून आकड्याचा प्रकार निवडा, दुसरा आकडा उमटेल. नीट पाहिलंत तर या दोन्ही आकड्यांच्या मागे करडी छटा दिसते. ती छटा म्हणजे हा आकडा जिवंत आहे, मोजला जाणार आहे. कीबोर्डवरून टाइप केलेल्या आकड्यामागे ती नसते. माझ्याकडे इतिहासाचा एक प्रबंध आला होता, त्यात सहाही प्रकरणांतले मुद्दे ४.१, ४.२ असेच चालले होते. त्या मुलीनं तीन दिवस त्यावर घालवले होते. चौकट उघडली तर पहिल्या ४ मागे छटा नव्हती. चौथं प्रकरण करताना कुणीतरी तो हातानं टाइप केला होता. तो पुसून 'लेव्हल १' निवडलं आणि सगळे मुद्दे आपापल्या प्रकरणात गेले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला अजून आठवतो, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

'रीस्टार्ट लिस्ट आफ्टर' ला टिक असू द्या. दुसऱ्या पातळीला 'लेव्हल १', तिसरीला 'लेव्हल २'. समास इथूनच 'सेट फॉर ऑल लेव्हल्स' मध्ये ठरवा, वरची मोजपट्टी (रूलर) ओढून नको.

मराठी आकड्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शनात हे सहसा सापडत नाही. नंबर स्टाइलच्या यादीत १, २, ३ दिसत नसतील तर 'फाइल', 'ऑप्शन्स', 'लँग्वेज' मध्ये जाऊन लिहिण्याच्या भाषांत मराठीबरोबर हिंदीही जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. देवनागरी आकडे वर्डच्या आत हिंदीच्या नावानं नोंदलेले आहेत. मग तिन्ही पातळ्यांना तेच द्या. आणि 'लीगल स्टाइल नंबरिंग' ला टिक करू नका. पहिली पातळी रोमन आकड्यांत असली तरी खाली साधे आकडे यावेत, यासाठी ती सोय आहे. आपल्याकडे तिचा परिणाम असा होतो की त्या पातळीवरचे देवनागरी आकडे इंग्रजी होतात.

काही मथळ्यांवर मराठी आणि काहींवर इंग्रजी आकडा येण्याचं आणखी एक कारण तुमच्याकडे असू शकतं, ते म्हणजे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट. त्यांत इंग्रजी आकडाच मराठी आकड्याच्या आकारात दिसतो. आणि क्रमांकाचा फॉन्ट ठरतो तो परिच्छेदाच्या शेवटच्या खुणेवरून, मथळ्यातल्या अक्षरांवरून नाही. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबा, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी उलट्या पी सारखी एक खूण दिसेल. नुसती ती खूण निवडून तिचा फॉन्ट पाहा. मथळा एका फॉन्टमध्ये आणि खूण दुसऱ्यात, असं हमखास सापडतं. मथळा साधा आणि क्रमांक ठळक दिसतो, त्याचंही मूळ तिथेच असतं. खरा उपाय म्हणजे सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणणं. दोन आठवड्यांत ते जमणार नसेल तर निदान मथळे तरी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, सहा प्रकरणांत ते फार नसतात. युनिकोडमध्येही फॉन्टच्या खिडकीत देवनागरीसाठी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' चा फॉन्ट आणि आकार वेगळा द्यावा लागतो. वरचा १४ आणि खालचा ११ राहिला, की मथळ्यात इंग्रजी शब्द मोठा आणि मराठी लहान दिसतो.

'प्रकरण' हा शब्द पहिल्या पातळीच्या चौकटीत आकड्याआधी टाइप केलात तरी चालतो. खालच्या पातळ्या फक्त आकडा उचलतात, 'प्रकरण ४.१' असं होत नाही. पण मार्गदर्शक 'प्रकरण चौथे' असंच हवं म्हणत असतील, तर वर्डला मराठी क्रमवाचक येत नाही. अशा वेळी पहिल्या पातळीची नंबर स्टाइल तशीच ठेवून चौकट रिकामी करा आणि 'फॉलो नंबर विथ' मध्ये 'नथिंग' द्या. आकडा दिसणार नाही, मोजणी मात्र चालू राहील. 'प्रकरण चौथे' हाताने लिहा.

यादी तयार झाली की एकेका मथळ्यावरून फिरा. क्रमांकावर एकदा टिचकी मारा. त्या पातळीचे सगळे क्रमांक एकदम करडे झाले तर तो वर्डचा आहे. कर्सर आकड्याच्या आत शिरला तर तो हातानं टाइप केलेला आहे, पुसून टाका. मग कंट्रोल-क्यू, म्हणजे त्या परिच्छेदावर वरून लादलेली मांडणी निघून जाते, आणि नंतर कंट्रोल-ऑल्ट-१, २ किंवा ३. एखाद्या मथळ्यात आकड्याच्या जागी काळा ठोकळा दिसला तर मथळ्याच्या सुरुवातीला कर्सर ठेवून डावा बाण दाबत जा, ठोकळा करडा होईल. मग कंट्रोल-शिफ्ट-एस आणि 'रीअप्लाय'.

ऋणनिर्देश, संदर्भसूची यांना क्रमांक नको, पण अनुक्रमणिकेत ते हवेत. 'हेडिंग १' देऊन बॅकस्पेसनं आकडा काढू नका. 'नॉर्मल' वर आधारित नवी स्टाइल करा आणि परिच्छेदाच्या खिडकीत तिची 'आउटलाइन लेव्हल' १ ठेवा. वर्डची तयार अनुक्रमणिका तिला आपोआप घेते.

अजून एखादं प्रकरण जोडायचं राहिलं असेल तर चिकटवताना 'यूज डेस्टिनेशन स्टाइल्स' निवडा. 'कीप टेक्स्ट ओन्ली' घेतलंत तर तळटीपा जातील, आणि प्रबंधात तळटीपा जाणं म्हणजे महिन्यांची मेहनत जाणं. मजकुरात 'पाहा मुद्दा ४.३' असं जिथे जिथे आहे, तिथे 'रेफरन्सेस' मधून 'क्रॉस-रेफरन्स' घाला. हातानं लिहिलेला उल्लेख मुद्दा सरकला तरी जुनाच राहतो आणि परीक्षकांना नेमका तोच दिसतो. शेवटी कंट्रोल-ए, एफ-९, आणि अनुक्रमणिकेबद्दल विचारलं की 'अपडेट एंटायर टेबल'.

शोधगंगेसाठी, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारासाठी, विद्यापीठ प्रकरणवार पीडीएफ मागेल. त्यासाठी वर्डची फाइल पुन्हा तोडू नका, चौथं प्रकरण वेगळं काढलंत की ते परत १ पासून मोजायला लागेल. सगळ्या प्रबंधाची एकच पीडीएफ करा आणि तिची पानं वेगळी करा. काळा ठोकळा किंवा इंग्रजी आकडा तरीही हटला नाही, तर त्या मथळ्याची खूण कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते खाली लिहा, मी पाहतो.