कोल्हापुरात पावसाळ्यात दिसणाऱ्या गोगलगायी सगळ्या एकाच जातीच्या असतात का?

नाही. तुम्ही विचारलंय की बागेत मीठ टाकून मारता त्याच गोगलगायी घाटातही असतात का. बागेतली ती मोठी, तपकिरी पट्ट्यांची, सोयाबीनवाले जिला शंखी गोगलगाय म्हणतात, ती मूळची आफ्रिकेतली. १८४७ साली बेन्सन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने मॉरिशसहून आणून कोलकात्यात सोडली, तिथून ती पसरत गेली.

इथल्या खऱ्या गोगलगायी बघायच्या तर पाचोळ्यात हात घालावा लागतो. शाहूवाडीकडच्या एका देवराईतून, गावातल्यांना विचारून, मी ओंजळभर पाचोळा आणला होता. सावलीत वर्तमानपत्रावर वाळवला, रव्याच्या चाळणीने चाळला आणि भिंग घेऊन बसलो. मोहरीएवढे शंख! एक चपटा, बटणासारखा. एक उभा, निमुळता. एक इतका पातळ की त्यातून खालच्या बातमीचं अक्षर दिसत होतं. एका ओंजळीत चार-पाच प्रकार. बघून झाल्यावर सगळं जिथल्या तिथे नेऊन टाकलं.

इतक्या जाती होतात कारण गोगलगायीला ओल लागते. या दरीतली गोगलगाय मधला तापलेला सडा, म्हणजे कातळाचं पठार, ओलांडून पलीकडच्या दरीत जात नाही. हजारो पिढ्या अशा तुटून राहिल्या की जातच वेगळी होते. पश्चिम घाटात अडीचशेहून जास्त जाती नोंदल्या आहेत, त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. आपल्या शेजारच्या आंबोलीतून तर २०२१ मध्ये वरदिया ही नवी प्रजातीच, म्हणजे जातींचा नवा गटच, नोंदली गेली, तिचा शंख इतका छोटा की अंग आत मावतच नाही.

म्हणून सरसकट मारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ताहितीजवळच्या मूरेआ बेटावर याच आफ्रिकन गोगलगायीचा बंदोबस्त करायला १९७७ साली दुसरी, मांसाहारी गोगलगाय सोडली. तिने दहा वर्षांत तिथल्या झाडांवरच्या पार्टुला नावाच्या मूळच्या गोगलगायी जवळपास संपवल्या.

तुमच्या बागेत मीठ नको, माती बिघडते. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याशेजारी पसरा. सकाळी खाली जमलेल्या हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. लहान पण तसेच टोकदार, पट्ट्यांचे शंख असतील तर ती तिचीच पिल्लं, तीही उचला. बाकीच्या पाचोळ्यात राहू द्या.