आजोबांच्या अल्बममधली राणी व्हिक्टोरियाची तिकिटं दुर्मिळ आहेत की साधी, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की अल्बममध्ये राणीच्या चेहऱ्याची शंभरेक तिकिटं आहेत, शिवाय एक सहा आण्यांचं जांभळं आणि गांधीजींचं दहा रुपयांचं, आणि एक विक्रेता सगळं ठोक मागतोय. आत्ता काहीही विकू नका.

तिकीट जुनं म्हणून महाग नसतं. राणीची अर्ध्या आण्याची निळी तिकिटं इतकी छापली गेली की आजही ढिगाने मिळतात. खरा फरक चित्रात दिसत नाही, तो कागद, वॉटरमार्क (कागदातच असलेली पुसट खूण) आणि कडेच्या दात्यांत असतो.

आधी कडा बघा. 1854 ची तिकिटं कलकत्त्यात छापली, त्यांना दाते नाहीत आणि त्यांवर लगेच नंतर आलेल्या तिकिटांसारखं 'ईस्ट इंडिया' नाही, नुसतं 'इंडिया'. त्याच वर्षीच्या चार आण्यांच्या लाल-निळ्या तिकिटांत राणीचं डोकं उलटं छापलेली मोजकी तिकिटं जगप्रसिद्ध आहेत. चारही बाजूंना भरपूर कागद शिल्लक असलेलं 1854 चं तिकीट आणि घासून कापलेलं तिकीट यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

1855 पासून तिकिटं लंडनला द ला र्‍यू कंपनीत छापली जाऊ लागली. त्यातलं चार आण्यांचं काळं तिकीट निळसर चकचकीत कागदावर असेल तर ते पांढऱ्या कागदावरच्यापेक्षा वरच्या दर्जाचं. चित्र दोन्हींवर तेच. 1865 पासून कागदात हत्तीच्या डोक्याचा वॉटरमार्क आला आणि 1882 पासून ताऱ्याचा. तो बघायला तिकीट काळ्या गुळगुळीत ट्रेमध्ये पालथं ठेवा आणि वॉटरमार्क फ्लुइडचे दोन थेंब टाका. कागद पातळ असतो तिथे काळपट आकृती उमटते, हत्तीची सोंड स्पष्ट दिसते. क्षणभरच दिसते, म्हणून भिंग हातात तयार ठेवा. याच वेळी मागून सोललेली जागा किंवा चिकटवलेली फाटही उघडी पडते, आणि मला ती तपासणी वॉटरमार्कइतकीच मोलाची वाटते. हे फ्लुइड पेट घेऊ शकतं, म्हणून खिडकी उघडी असू द्या, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको.

आता ते सहा आण्यांचं जांभळं. 1866 मध्ये सहा आण्यांच्या टपाल तिकिटांची तात्पुरती गरज होती, तेव्हा 'फॉरेन बिल' (परदेशी हुंड्यांवर लावायच्या) महसूल तिकिटांची वरची-खालची पट्टी कापून त्यावर हिरव्या शाईत 'पोस्टेज' छापलं गेलं. तुमचं ते असेल तर चांगली चीज आहे. पण साधी महसूल तिकिटं कापून त्यावर हा शब्द नंतर छापणारेही होते. भिंगातून बघा, टपालाचा शिक्का छापील अक्षरांवरून गेलाय की अक्षरं शिक्क्यावर बसलीत? अक्षरं वर असतील तर ते बनावट.

गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटाचीही तीच गोष्ट. 15 ऑगस्ट 1948 चा तो संच स्वित्झर्लंडच्या कूर्वोझिए कंपनीने छापला. त्यावर 'सर्व्हिस' छापलेले फक्त शंभर संच गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी काढले होते, त्यामुळे त्या शब्दाची नक्कल फार होते. 'सर्व्हिस' दिसलं तर तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय कोणाचंही ऐकू नका. 'सर्व्हिस' नसलेलं, न वापरलेलं आणि मूळ डिंक शाबूत असलेलं तिकीटही नीट जपा.

चूक म्हणजे दुर्मिळ असंही नाही. 1949 च्या एक आण्याच्या बोधिसत्त्वाचं चित्र उलट फिरून छापलं गेलं, उजव्याऐवजी डावा हात पुढे आला. 1950 मध्ये ते सुधारलं, पण उलटी तिकिटंही भरपूर छापली गेली होती, म्हणून ती आजही स्वस्तात मिळतात.

लिफाफ्यावर असलेलं तिकीट भिजवून काढू नका. गाव, तारीख आणि मार्गाचे शिक्के त्याच्यासोबत राहिले तरच त्याचा इतिहास टिकतो, आणि किंमतही बरेचदा पूर्ण लिफाफ्याचीच येते. कॅटलॉगमधला भाव हा निर्दोष तिकिटाचा, दुकानदाराच्या विक्रीचा असतो. तुमच्या हाती त्याच्या बराच खाली पैसा पडतो, हे धरूनच बोलणी करा.

सहा आण्यांच्या तिकिटाचा पुढून आणि मागून स्पष्ट फोटो टाका, शक्यतो दिवसाच्या उजेडात. त्यावर मी सविस्तर लिहितो.