ऑसिलेटरच्या (ठरावीक वारंवारतेचा सिग्नल निर्माण करणाऱ्या सर्किटच्या) फेज नॉइजचा, म्हणजे सिग्नलच्या फेजमधील अनियमित थरथरीचा, अंदाज घेण्यासाठी लीसनचे सूत्र पुरेसे आहे का?

पहिल्या अंदाजासाठी पुरेसे आहे. लीसन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या या प्रारूपाचा गाभा असा की फीडबॅक लूपमधील एकूण फेज ३६० अंशांच्या पटीतच राहावी लागत असल्याने अँप्लिफायरमुळे फेजमध्ये होणारा संथ बदल वारंवारता किंचित सरकूनच भरून निघतो, आणि वारंवारतेतील ही थरथर साठत जाऊन फेज नॉइज वाढवते. १० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा लोडेड क्यू (सर्किटमध्ये जोडलेला असताना अनुनाद किती तीक्ष्ण आहे याचे माप) ५०,००० धरला, तर ही वाढ कॅरियरपासून (ऑसिलेटरच्या मूळ वारंवारतेपासून) १०० हर्ट्झच्या आतच दिसते; त्याच वारंवारतेच्या, क्यू जेमतेम १० असलेल्या एलसी टँकमध्ये (कॉइल आणि कपॅसिटरच्या अनुनादी सर्किटमध्ये) तीच मर्यादा ५०० किलोहर्ट्झवर जाते. सूत्रातला नॉइज फॅक्टर (अँप्लिफायर स्वतः किती नॉइज घालतो याचे माप) मात्र मोठ्या सिग्नलखाली बदलत असल्याने बहुधा मोजमापावरूनच बसवावा लागतो (खरी पंचाईत इथेच आहे). तो सर्किटवरून काढायचा असल्यास हाजीमिरी आणि ली यांचे १९९८ चे प्रारूप वापरावे, कारण नॉइजचा धक्का आवर्तनात नेमका कधी बसला, याचा हिशेब त्यात आहे.