वाचकांचे प्रश्न: रास्पबेरी पायवर ‘आर’चे आलेख

प्रश्न: शेतातल्या हवामान यंत्राला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक जोडला आहे, त्याला मॉनिटर नाही. दर तासाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय) ‘आर’ या संख्याशास्त्राच्या भाषेतली स्क्रिप्ट चालते आणि तापमानाचा आलेख पीएनजी फाइलीत काढते. घरी मॉनिटर लावला की सगळे ठीक. शेतात मात्र एक्स११ (लिनक्सवर पडद्यावर चित्र दाखवणारी यंत्रणा) डिस्प्ले उघडत नाही म्हणून पीएनजी सुरू होत नाही, असा एरर येतो. ‘आर’ सोर्सवरून कंपाइल केलेले आहे.

उत्तर: गोम तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. लिनक्सवर ‘आर’ पीएनजी दोन मार्गांनी काढते. कैरो ही चित्रे काढणारी लायब्ररी असेल तर तिच्यातून, नसेल तर एक्सलिब या एक्स११च्या लायब्ररीमधून. एक्सलिबला फाइल लिहायची असली तरी एक्स सर्व्हर चालू लागतो. घरी डेस्कटॉप सुरू असतो म्हणून तिथे दोष झाकला जातो.

‘आर’मध्ये कॅपेबिलिटीज हे फंक्शन चालवा. एक्स११ समोर ‘फॉल्स’ दिसले तर घाबरू नका, मॉनिटर नसताना ते तसेच दिसणार. कैरोसमोर काय आहे ते बघा. तिथे ‘ट्रू’ असेल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला ऑप्शन्स फंक्शनमध्ये बिटमॅपटाइपला ‘कैरो’ द्या (बिटमॅपटाइप हा एकच शब्द, त्यातला फक्त टी कॅपिटल). हे आरप्रोफाइल फाइलीत टाकले तरी चालते, पण क्रॉनच्या ओळीत ‘व्हॅनिला’ हा पर्याय असेल तर ती फाइल वाचलीच जात नाही.

कैरोसमोर ‘फॉल्स’ असेल तर कंपाइल करताना कैरोच्या हेडर फाइली मशीनवर नव्हत्या. लिबकैरो२-डेव्ह, लिबपँगो१.०-डेव्ह आणि लिबपीएनजी-डेव्ह ही पॅकेजे घाला, कॉन्फिगर पुन्हा चालवा आणि शेवटी छापल्या जाणाऱ्या सारांशात कैरो हा शब्द आहे याची खात्री झाल्यावरच मेक करा. छोट्या पायवर मेक बराच वेळ खाते, ते वाया जायला नको. एवढा खटाटोप नको असेल तर सरळ एपीटीमधून (तयार पॅकेजे बसवणारी आज्ञा) आर-बेस घ्या. त्यात कैरो असते. एक्सव्हीएफबीचा खोटा डिस्प्ले लावूनही काम भागते, पण चार रेघांच्या आलेखासाठी दर तासाला एक सर्व्हर उभा करणे आम्हाला पटत नाही.

प्रश्न: 3.5 इंची, 480 × 320 पिक्सेलच्या पडद्यासाठी आलेख काढतो. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून रेझोल्यूशन 200 केले, तर समास फार मोठे आहेत असा एरर आला.

उत्तर: गणित करून बघा. 320 भागिले 200 म्हणजे चित्राची उंची 1.6 इंच. ‘आर’चा मूळ समास खाली 5.1 ओळी आणि वर 4.1 ओळी, 12 पॉइंटला एक ओळ 0.2 इंचाची. दोन्ही मिळून 1.84 इंच झाले, आलेखाला जागा उरलीच नाही. 165 ठेवले असते तर एरर आला नसता, पण आलेखाची जेमतेम 0.1 इंचाची पट्टी दिसली असती.

‘पार’ या फंक्शनमध्ये ‘मार’ला (समासाच्या ओळी) 3, 3, 1, 1 द्या. त्याबरोबर ‘एमजीपी’ (अक्षाचे नाव, आकडे आणि रेघ कोणत्या ओळीवर) 1.8, 0.6, 0 करा. नाहीतर अक्षाचे नाव मूळच्या तिसऱ्या ओळीवरच राहते आणि कापले जाते. ‘पार’ नेहमी पीएनजी उघडल्यानंतर लिहायचे. आधी लिहिलेले नव्या चित्राला लागू होत नाही, आणि बहुतेकांची चूक इथेच होते.

प्रश्न: ‘पाऊस (मिमी)’ असे शीर्षक दिले की पीएनजीत नुसत्या चौकटी आणि पीडीएफमध्ये ठिपके येतात.

उत्तर: ही दोन वेगळी दुखणी आहेत. चौकटी म्हणजे देवनागरी फॉन्टच नाही. एफसी-लिस्ट या फॉन्टची यादी देणाऱ्या आज्ञेला भाषा ‘एमआर’ (मराठी) देऊन विचारा; उत्तर रिकामे आले तर फॉन्ट्स-लोहित-देवा हे पॅकेज घाला आणि ‘आर’ पुन्हा सुरू करा. अक्षरे आली पण ‘मि’ची वेलांटी म नंतर पडली, जोडाक्षरे फुटली, तर कैरो आहे पण पँगो नाही. जीआरसॉफ्टव्हर्जन या फंक्शनच्या उत्तरात पँगोचा आकडा रिकामा दिसेल. अक्षरांची जुळणी पँगो करते, त्यामुळे वर सांगितलेल्या पॅकेजांसह पुन्हा कंपाइल करण्याला पर्याय नाही.

क्रॉनमधून चालवल्यावर अक्षराऐवजी कोनी कंसात यू, अधिक चिन्ह आणि चार आकडे उमटत असतील तर फॉन्ट बदलून काही होणार नाही. क्रॉनला तुमची लोकेल (भाषा आणि अक्षरसंचाची सेटिंग) माहीत नसते; क्रॉनटॅब या क्रॉनच्या फाइलीत वरच ‘एलसी_ऑल बरोबर (=) सी.यूटीएफ-8’ अशी ओळ लिहा.

पीडीएफचे ठिपके मात्र फॉन्ट घालूनही जात नाहीत. साधे पीडीएफ फंक्शन मजकूर एका बाइटच्या अक्षरसंचात बसवू पाहते आणि त्यात देवनागरी नाही. त्याऐवजी कैरो_पीडीएफ वापरा. रुंदी-उंची पूर्वीसारखी इंचातच द्यायची.