पुण्यात रो-हाऊसपुढच्या छोट्या अंगणात शोभेचं कोणतं झाड लावावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वारज्यात रो-हाऊस आहे, पुढे १२ बाय १८ फुटांचं अंगण, त्यातली एक बाजू गाडीने अडवलेली, दुपारनंतरचं ऊन थेट अंगावर. तिथे 'छान फुलणारं, लवकर वाढणारं, वर्षभर हिरवं आणि कचरा न करणारं' एक झाड हवंय. बहावा, टबेबुया आणि सोनचाफा ही नावं तुमच्या मनात आहेत.

हे चारही गुण एकत्र असलेलं झाड तुळशीबागेत मिळतं, प्लॅस्टिकचं. खऱ्या झाडात कशावर तरी पाणी सोडावं लागतं, आणि मी सांगेन की 'लवकर वाढणारं' यावर आधी सोडा. जे झाड दोन वर्षांत पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागतं ते तिथे थांबत नाही. मग दरवर्षी कुऱ्हाड घेऊन कोणीतरी त्याचा शेंडा मारतो, त्या जागी केरसुणीसारखा फुटव्यांचा झुबका येतो, आणि शोभेसाठी लावलेलं झाड अंगणातली सगळ्यात ओंगळ वस्तू होऊन बसतं. सोसायटीच्या बागेची जबाबदारी बरीच वर्षं माझ्याकडे आहे, आणि माळीकाकांशी माझे सगळ्यात जास्त वाद या एका शेंडा मारण्यावरूनच होतात.

दुसरं, झाड फुललेलं बघून पसंत करू नका. एप्रिल-मेमध्ये पुण्यातला बहावा बघून कोणाचंही मन जातं. पण बहावा तसा दोन-तीन आठवडे असतो, आणि तुम्ही अंगणात उभे राहता बारा महिने. मोठ्या बागेत एखादं झाड चार महिने खराब दिसलं तरी नजर दुसरीकडे वळते. तुमच्याकडे वळायला दुसरीकडे जागाच नाही. म्हणून प्रत्येक झाडाबद्दल विचारायचं ते असं: याचा वर्षातला सगळ्यात वाईट काळ कोणता, आणि तेव्हा हे कसं दिसतं?

या एका प्रश्नावर बरीच नावं गळतात. बहावा चांगल्या जमिनीत तीस फुटांच्या वर जातो, फांद्या आडव्या पसरतात, आणि त्या हात-हातभर लांब काळ्या शेंगा महिनोन्‌महिने लटकत राहतात. बारा फुटांत तो मावणार नाही. गुलाबी टबेबुया मध्य अमेरिकेतला, अंगाने चांगला दांडगा, रस्त्याच्या कडेलाच शोभतो. तामण आपलं राज्यफूल, महाराष्ट्र दिनाच्या आसपास फुलतो म्हणून लावायचा मोह होतो, पण तोही मोठा वृक्ष. गुलमोहर, सप्तपर्णी, फायकस यांच्याबद्दल बोलायलाच नको. सप्तपर्णीचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला वास रस्त्यावरून येतो तोवर ठीक, खिडकीखालून आला तर डोकं धरतं.

आता जी मावतात ती.

तुमच्या जागेसाठी माझी पहिली पसंती कुंती. काही नर्सरीवाले कामिनी म्हणतात. बहुतेक लोक तिचं कुंपण करतात आणि कातरून कातरून तिचं झाड होऊच देत नाहीत. एकाच खोडावर वाढवली, खालच्या फांद्या हळूहळू काढत गेलं, तर आठ-दहा फुटांचं गोल, दाट, काळपट हिरवं झाड तयार होतं. पानं लहान आणि तुकतुकीत, झडतात पण उडून गटारात बसत नाहीत. पावसाची एक चांगली सर येऊन गेली की काही दिवसांनी सगळं झाड एकदम पांढरं होतं आणि संध्याकाळी वास जिन्यापर्यंत येतो. वर्षातून असे अनेक बहर येतात, त्यामुळे एकच मोसम गाठायची घाई नसते. वाईट काळ विचाराल तर मेमध्ये पाणी कमी पडलं की थोडी मलूल दिसते, तेवढंच. एक अट आहे. कुंती लिंबाच्या कुळातली, आणि लिंबू-संत्र्यावर रोग पसरवणारी सायला कीड हिच्यावरही राहते. अंगणात लिंबाचं लाडकं झाड असेल तर शेजारी कुंती नको.

दुसरा पर्याय कांचन, पण नीट निवडून. रक्तकांचन आणि गुलाबी कांचन मोठे होतात. छोट्या अंगणाला पांढरा किंवा पिवळा कांचन घ्या, दोन्ही आठ-दहा फुटांत राहतात. पिवळ्याकडे लोकांचं लक्ष जात नाही याचं मला नवल वाटतं. त्याचं फूल पूर्ण उमलतच नाही. लिंबाच्या सालीच्या रंगाच्या पाकळ्या एकमेकींवर गुंडाळलेल्या, घंटेसारखं तोंड खाली, आणि वाकून आत पाहिलं तर बुडाशी एक गडद, जवळजवळ काळा डाग. फूल शिळं झालं की गुलाबी-विटकरी होतं, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंग दिसतात. हे झाड दाराजवळ लावा, जिथून जाता-येता ते डोळ्यांच्या उंचीवर येईल. रस्त्यावरून त्यात काही दिसायचं नाही. शेंगा मात्र वेळच्या वेळी काढाव्या लागतात, नाहीतर वाळून झाड मळकट वाटतं. (दसऱ्याला 'आपट्याची पानं' शोधत कोणी आलंच तर कांचनाची पानं ओरबाडू देऊ नका. बाजारात बऱ्याचदा आपटा म्हणून कांचनच विकला जातो. आपट्याचं पान लहान, जाडसर, आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं.)

तिसरा चाफा, म्हणजे देवळांपुढे असतो तो देवचाफा. पश्चिमेचं ऊन, थोडी माती, मालक आठ दिवस गावाला, हे सगळं तो सोसतो. मुळं फरशी उचलत नाहीत. टोकदार पानांचा चाफा हिवाळ्यात सगळी पानं टाकतो आणि नुसते जाडजूड हात वर करून उभा राहतो. काहींना ते दिसणं आवडतं, मला आवडतं, पण घरातल्यांना आधी विचारा. पानं हवीच असतील तर गोल टोकाच्या पानांचा पांढरा चाफा मागा, त्याची पानं पुण्याच्या थंडीत बऱ्यापैकी टिकतात. पावसाळ्यात पानांच्या पाठी केशरी भुकटी दिसली तर तो तांबेरा. पडलेली रोगट पानं झाडून काढायची, झाडाखाली कुजू द्यायची नाहीत. रोप विकत घ्यायचीही गरज नाही. ओळखीच्याकडून हातभर फांदी आणा, चीक थांबून तोंड सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत आडवी ठेवा, मग लावा. ओल्या जखमेची लावली की कुजते. चीक अंगाला लागला तर काहींना खाजतं, तेवढं सांभाळा.

सोनचाफ्याबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. बियांपासून वाढलेला सोनचाफा म्हणजे उंच वृक्ष, आणि फुलासाठी बरीच वर्षं वाट पाहायला लावतो. कलमी सोनचाफा, ज्यात नर्सरीवाले बहुधा 'वेलणकर' ही जात देतात, लवकर फुलतो आणि छाटून दहा-बारा फुटांवर ठेवता येतो. दोन अडचणी आहेत. एक, त्याच्या मुळांशी पाणी साचलेलं चालत नाही, आणि आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात नेमकं तेच होतं. दुसरी, भर उन्हाळ्यात दुपारच्या उन्हाने पानांच्या कडा करपतात. पूर्वेचं अंगण असतं तर मी त्यालाच पहिला क्रमांक दिला असता. तुमचं पश्चिमेचं आहे.

पारिजातक तुम्ही लिहिला नाहीत, पण कोणीतरी सुचवणारच, म्हणून सांगतो. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत त्याच्यासारखा कोणी नाही. पहाटे सडा पडतो, आणि तो सडा मातीवर किंवा हिरवळीवर पडला तर उचलायला हात जातो. गाडीच्या टपावर पडला की उन्हाने चिकटून बसतो. फेब्रुवारी ते मे हा त्याचा वाईट काळ, आणि तो खरोखर वाईट असतो: खरखरीत पानं फाटकी होतात, चपट्या तपकिरी फळांचे घोस वाळून लोंबतात, खालून झाड उघडं पडतं. फुलं संपल्यावर नीट छाटणी केली तर पावसात नवे फुटवे येतात आणि बहर त्यांच्यावरच धरतो, म्हणजे छाटणीत नुकसान काही नाही. तरी एकमेव झाड म्हणून मी तो लावणार नाही. मागच्या दाराशी मातीचा तुकडा असेल तर जरूर लावा.

बाकीची भराभर. डाळिंबाला लोक फळझाड म्हणून बघतात, पण शेंदरी फुलं आणि चकचकीत बारीक पानं यामुळे शोभेलाही ते कमी नाही, आणि ऊन त्याला मानवतं. शंखासुर, ज्याला काही जण छोटा गुलमोहर म्हणतात, जवळजवळ वर्षभर फुलतो, फक्त काटे सांभाळा. बॉटलब्रशवर शिंजीर पक्षी येतात. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, दिसायला सुंदर आणि चिवट, पण ती सर्वांगाने विषारी. घरात लहान मूल किंवा सगळं चावून बघणारं कुत्रं असेल तर नको. साध्या कण्हेरीचंही तेच. अनंत मात्र टाळा: आपली जमीन आणि बोअरचं जड पाणी यात त्याची पानं पिवळी पडतात आणि मग औषधपाण्यातच वेळ जातो.

टेकडीवरची आपली झाडं आवडत असतील तर काळा कुडा किंवा मुरुडशेंग बघा. मुरुडशेंगेची विटकरी लाल फुलं आणि दोरीला पीळ द्यावा तशा शेंगा पाहून येणारा-जाणारा थांबतो. साध्या नर्सरीत ही क्वचित मिळतात. पावसाळ्याच्या तोंडावर वन विभागाच्या रोपवाटिकेत चौकशी करा. बाकी रोपांसाठी एम्प्रेस गार्डनची नर्सरी जवळ पडेल. सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे गेलात तर निवड खूप आहे, पण रविवारी जाऊ नका, रहदारीत दिवस जातो.

रोप घेताना उंचीला भुलू नका. सहा फुटी रोप छोट्या काळ्या पिशवीत असेल तर मुळं आत गोल गोल फिरून गच्च झालेली असतात. पिशवीच्या बुडातून जाड मूळ बाहेर आलेलं दिसलं तर ते रोप ठेवून द्या. तीन फुटी, एका सरळ खोडाचं, ताज्या पिशवीतलं रोप त्याला दोन-तीन वर्षांत गाठतं.

आता जमीन, आणि रो-हाऊसच्या बाबतीत हा भाग झाडाच्या निवडीपेक्षा मोठा आहे. बिल्डरने अंगण भरताना वरची चार-सहा इंच माती सोडली तर खाली बहुधा राडारोडाच टाकलेला असतो: विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, चुना. त्याखाली मुरूम. मेमध्येच अडीच फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, निघालेलं सगळं बाहेर फेका आणि खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच उभं असेल तर बुडातला मुरूम पहारीने फोडायला हवा, नाहीतर जुलैत झाड त्या हौदात उभं राहील. खड्डा आठवडा-दोन आठवडे उन्हात तापू द्या. मग पोयट्याची माती, जुनं कुजलेलं शेणखत आणि दोन-चार मुठी निंबोळी पेंड मिसळून भरा. ताजं शेण टाकू नका, वाळवी लागते. लावणी जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. वळवाच्या पहिल्या सरीला फसून लावलं तर पुढे पंधरा दिवस कोरडे गेल्यावर पंचाईत होते.

खड्डा कुठे घ्यायचा ते ठरवण्याआधी ड्रेनेजचे चेंबर आणि पाण्याची लाइन कुठून जाते ते बघून घ्या. घराच्या आणि कुंपणाच्या भिंतीपासून निदान चार-पाच फूट सोडा. तुमच्या मापात याचा अर्थ झाड जवळजवळ मधोमध येतं. लोकांना कोपरा हवा असतो, पण कोपऱ्यातलं झाड एका बाजूला झुकतं आणि अर्धं शेजाऱ्याकडे फुलतं.

निवड विचारपूर्वक करायला अजून एक कारण आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही महापालिकेची परवानगी लागते. 'नको झालं, काढून टाकू' हे पुढे सोपं नसतं.

तर तुमच्या जागी मी मधोमध कुंती लावली असती आणि दाराशी, गाडीपासून लांबच्या बाजूला, पिवळा कांचन. दोन झाडं नको असतील तर एकटी कुंती. पहिले दोन उन्हाळे तिला आठवड्यातून दोनदा सावकाश, खोल पाणी द्या, रोज वरवर शिंपडू नका. बुंध्यापासून चार बोटं जागा सोडून भोवती पालापाचोळ्याचं आच्छादन करा. तिसऱ्या वर्षी खालच्या फांद्या काढायला सुरुवात करा, एका वेळी दोन-तीनच.

चेंबर नेमका मधोमध निघाला तर मापासकट फोटो टाका, मग चाफ्याचा विचार करू.