काच जवळून बघावी की लांबून?

प्रश्न : काका, मुलगा केंब्रिजला नोकरीला आहे. मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय. तो म्हणतो, जवळच ईली गावी रंगीत काचेच्या खिडक्यांचं संग्रहालय आहे, तिथे नेतो. आमचे हे म्हणतात, लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये जन्मभर रंगीत काचा पाहिल्या, त्यासाठी परदेशात तिकीट कशाला काढायचं? शिवाय माझे गुडघे. काय करू?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : ताई, जा. यजमानांनाही न्या, आणि जाण्याआधी त्यांना एवढंच विचारा की दरबार हॉलच्या काचांमध्ये नेमकं काय पाहिलं? आपण बडोदेकर तिथे गाण्याला जायचो, मान वर करायचो, लाल-निळा उजेड बघायचो, तेवढ्यात तंबोरे लागायचे. ‘बेल्जियमच्या काचा’ हे दोन शब्द पाठ झाले, बस्स. 1890 साली राजवाडा पुरा झाला तेव्हापासून त्या उंचावरच आहेत. खालून उजेड दिसतो, कारागिरी दिसत नाही.

ईलीला ती डोळ्यांसमोर येते. संग्रहालय तिथल्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये आहे. त्याच्या वरच्या सज्जात शंभराहून जास्त तुकडे मांडलेत, थेट तेराव्या शतकापासूनचे. आधी शिशाची पट्टी बघा. तिला दोन्ही बाजूंनी खाच असते आणि दोन काचा त्या खाचांत बसतात. मग चेहरे बघा. नाक, डोळे, दाढीचे केस रंगीत काचेचे नसतात. काचेची पूड आणि लोखंडाचा किंवा तांब्याचा गंज व्हिनेगरात नाहीतर गोंदात खलून ब्रशाने काढलेल्या त्या रेघा. नंतर काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवायची की रेघ काचेत बसते. गंमत अशी की चेहऱ्यावरचा उजेड रंग लावून येत नाही. भट्टीत घालण्याआधी वाळलेला रंग काडीने खरवडून काढला की तिथून उजेड येतो. खरवडल्याच्या खुणा हातभर अंतरावरूनच दिसतात.

आणखी एक शोधा : गोरा चेहरा आणि पिवळे केस एकाच काचेवर, मध्ये शिसं नाही. चांदीचा क्षार काचेच्या मागून लावून भाजला की पिवळा रंग काचेत उतरतो. युरोपात ही युक्ती चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला पसरली. त्याआधी प्रत्येक रंगाला वेगळा तुकडा कापावा लागे.

आता माझी तक्रार. 1972 साली हे संग्रहालय स्थापन झालं, कारण इंग्लंडात चर्चेस बंद पडत होती, पाडली जात होती आणि खिडक्यांना वाली उरला नव्हता. म्हणजे तिथली बरीचशी काच बेघर झालेली. मागून विजेचे दिवे लावून ती दाखवतात. बारकावे छान दिसतात, पण त्या उजेडात ढग येत नाही, संध्याकाळ होत नाही. म्हणून ईली झालं की केंब्रिजला किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये जा. तिथल्या सोळाव्या शतकातल्या खिडक्या आपल्या जागी आहेत. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने उतरवल्या होत्या, नंतर पुन्हा चढवल्या. दुर्बीण न्या आणि क्रम उलटा करू नका. आधी जवळून पाहिलेलं असेल तरच लांबून काय बघायचं ते कळतं. परत आल्यावर तीच दुर्बीण घेऊन यजमानांना दरबार हॉलमध्ये न्या.

गुडघ्यांचं : वर जायला गोल दगडी जिना, 40 पायऱ्या. झेपत नसेल तर मुलाला आणि यजमानांना वर पाठवा आणि तुम्ही खाली अष्टकोनी मनोऱ्याखाली बसा. 1322 मध्ये मधला मनोरा कोसळला, त्याच जागी तो बांधलाय. फुकट बसल्यासारखं अजिबात वाटणार नाही.

प्रश्न : रावपुऱ्यात आमचा जुना वाडा आहे. दिवाणखान्याच्या दारांवर कमानीत लाल, हिरव्या, निळ्या काचा आहेत. एक लाल काच तडकली. सुतार म्हणतो सगळ्या काढा, ॲक्रिलिक बसवू. जुन्या सामानाचा व्यापारी उरलेल्या काचांचे पैसे द्यायला तयार आहे.
– धाकट्या सूनबाई

उत्तर : व्यापाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. इतका तत्पर माणूस आला म्हणजे काचांना किंमत आहे, हे तुमच्या सासऱ्यांना आपोआप कळेल.

तडकलेली काच चौकटीत घट्ट असेल तर काढू नका. खालून मुलं ये-जा करत असतील तर आतल्या बाजूने साधी काच दुसऱ्या पट्टीवर बसवून घ्या. तुकडा निघालाच तर त्याची कड आडवी धरून बघा. बहुधा पांढऱ्या काचेवर लाल रंगाचा पातळ थर दिसेल. तांब्याचा लाल रंग इतका गडद असतो की पूर्ण जाडीची काच काळीच दिसली असती. असा लाल ॲक्रिलिकमध्ये मिळत नाही. तुकडे कागदात गुंडाळून, वर दाराची जागा लिहून ठेवा. काच पक्की करणारी लांबी (पुट्टी) सुकून गळत असेल तर सुताराला तेवढंच काम द्या, आणि तो काम करत असताना समोर उभ्या राहा. पुसायला ओलसर मऊ फडकं. चिंच नको, फवाऱ्याची बाटली नको. दिवाळीच्या साफसफाईत अशा काचांवरची नक्षी घासून घालवलेली घरं मला ठाऊक आहेत.

प्रश्न : आमच्या बाई म्हणाल्या, काच हळूहळू वाहते, म्हणून जुन्या खिडक्यांच्या काचा खाली जाड असतात. खरं का?
– इयत्ता नववी, मांजलपूर

उत्तर : नाही. पूर्वी तापलेली काच फुंकून, गरगर फिरवून तिची थाळी करत आणि मग कापत. जाडी सगळीकडे सारखी येत नसे. जड कड खाली ठेवून बसवणं सोयीचं, म्हणून बऱ्याच काचा खाली जाड. काही वर जाड असलेल्याही सापडतात. वाहिल्या असत्या तर त्या कशा सापडल्या असत्या? बाईंना हे सांग, पण वर्गात सगळ्यांसमोर नको. तोंडी परीक्षा त्याच घेणार आहेत.